सुंदर फोटो काढण्याचे दहा सोपे धडे (फक्त मुळशी तालुक्यासाठी)

हे धडे नवशिक्यांसाठी आहेत. ज्यांनी नुकताच हप्त्यावर कॅमेरा घेतला आहे, मामेभावाचे लडाखचे फोटो पाहून ज्यांच्या घरात काही काळ शांतता पसरली होती आणि रविवारी पहाटे उठणं ज्यांना अजून जमतं, त्यांनी ते क्रमाने वाचावेत. जाणकारांनी वाचू नयेत, त्यांना राग येईल.

सगळ्या धड्यांमागचं तत्त्व एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो. फोटोत काय घ्यायचं ते कोणालाही कळतं. काय वगळायचं ते कळलं की माणूस स्वतःला छायाचित्रकार म्हणवू लागतो. मुळशीत वगळण्यासारखं पुष्कळ असल्याने शिकायला ही जागा उत्तम आहे.

धडा १ : ज्वालामुखी शोधू नका

आपण ज्वालामुखीच्या प्रदेशात चाललो आहोत, हे मित्रांना जरूर सांगा. ते खरंच आहे. पण तिथे पोचल्यावर धूर शोधत बसू नका, जरा उशीर झाला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत होता. तेव्हा जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. निमुळता डोंगर, त्याला वर तोंड आणि तोंडातून आग, हे शाळेतल्या चित्रकलेच्या वहीतलं दृश्य इथे शोधून सापडणार नाही. ज्या तप्त ठिकाणावरून हा लाव्हा वर आला असं बरेच भूशास्त्रज्ञ मानतात, ते आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजूनही अधूनमधून उफाळतो. ज्यांना धूरच हवा असेल त्यांनी तिकडचं तिकीट काढावं. बाकीच्यांनी पुण्याच्या चांदणी चौकात जमावं.

लाव्हा थिजून त्याचा काळा कातळ झाला. त्यातले काही थर टणक, काही मऊ. दोन थरांच्या मधे कुठेकुठे तांबडी पट्टी दिसते. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला त्यात वरच्या थराची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. मऊ थर लवकर झिजतो आणि टणक थर उभा राहतो. म्हणून इथला डोंगर आधी कडा, मग सपाट पदर, पुन्हा कडा आणि सगळ्यांत वर सडा, म्हणजे सपाट कातळमाथा, अशा टप्प्याटप्प्यांनी चढतो. पदरावर झाडी असते, पाणी मुरतं आणि एखादा धनगरवाडाही असतो. नवशिक्याने या कशाकडे लक्ष देऊ नये. ‘पहाड’ एवढा शब्द पुरेसा आहे.

तैलबैलाच्या कातळभिंतींचा प्रकार वेगळा आहे. आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि मधे खिंड असलेल्या या दोन सरळसोट भिंती उरल्या. त्यांचा फोटो सगळ्यांत रुंद लेन्सने, अगदी जवळून काढावा. त्यामुळे भिंती बुटक्या दिसतील आणि घरी दाखवताना ‘प्रत्यक्षात फारच प्रचंड आहेत’ असं सांगायची संधी मिळेल. लांब जाऊन, मोठ्या लेन्सने आणि पायथ्याचा माणूस चौकटीत ठेवून काढलात, तर त्यांची उंची आपोआप दिसेल. मग तुम्हाला बोलायला काही उरणार नाही.

धडा २ : सामान

कॅमेरा, तीन लेन्स, ट्रायपॉड, सगळ्या जाडीचे एनडी फिल्टर आणि नवी कोरी बॅग. हे सगळं घ्या. धबधब्याचं पाणी दुधासारखं दिसायला शटर अर्धा-एक सेकंद उघडं ठेवावं लागतं, आणि एनडी फिल्टर त्यासाठी प्रकाश अडवतो. जुलैमध्ये ताम्हिणी घाटात अडवण्याइतका प्रकाशच नसतो, पण फिल्टर बॅगेत असला की धीर येतो. उपयोगी पडेल तो पोलरायझर. ओल्या पानांवरची आणि कातळावरची चकाकी तो कमी करतो आणि खालचा खरा रंग वर येतो. म्हणून नेमका तोच घरी राहील याची काळजी घ्या.

छत्री घेऊ नका. घाटमाथ्यावरचा वारा ती पहिल्याच मिनिटाला उलटी करतो. हॉटेलात फुकट मिळणारी शॉवर कॅप मात्र कॅमेऱ्याला घातली की दिवसभर टिकते. लेन्स पुसायचं एकच फडकं नेलंत तर ते पहिल्या पुसण्यातच ओलं होईल आणि त्यानंतर तुम्ही काचेवर पाणी सारवत बसाल. चार फडकी न्या आणि ती वेगवेगळ्या खिशांत ठेवा. गाडीत एसी लावून बसाल आणि उतरल्याउतरल्या लेन्स बाहेर काढाल, तर काचेवर वाफ धरेल. मग दहा मिनिटं सगळे फोटो स्वप्नातल्यासारखे येतात. काही जण तीच आपली शैली असल्याचं सांगतात.

धडा ३ : मुहूर्त

नवशिक्याने जुलैतल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारीच जावं. इतर महिने विचारात घेऊ नयेत. मे महिन्यात राब भाजून झाल्याने खाचरं काळी असतात, गवत वाळलेलं असतं आणि डोंगराची हाडं मोजता येतात. मेच्या अखेरीला, पहिल्या सरींच्या आधी, झाडांवर काजवे लखलखतात. सप्टेंबरात सड्यांवर पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा फुलतो. काही वर्षांच्या अंतराने कारवी फुलते तेव्हा उतारच्या उतार जांभळे होतात. डिसेंबरात हवा स्वच्छ असते आणि ऊन तिरपं पडतं. सह्याद्रीच्या मुख्य कड्यांचं तोंड कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेला आहे. त्यामुळे हिवाळ्यातल्या संध्याकाळी लाव्ह्याचा एकेक थर बोटाने दाखवता येईल इतका उठून दिसतो. या सगळ्या वेळी रस्ता मोकळा असतो, म्हणजेच तिथे कोणी जात नाही, म्हणजेच तिथे काही नसणार. नवशिक्याने असाच निष्कर्ष काढावा.

जुलैतल्या पावसाचं कारण साधं आहे. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प या कड्यांना धडकून वर चढतं, थंड होतं आणि तिथेच कोसळतं. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात साधारण सातशे-साडेसातशे मिलीमीटर पडतो. पुणेकराने ‘पावसाची सवय आहे हो आम्हाला’ असं म्हणून निघण्यापूर्वी हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहून पाहावेत.

धडा ४ : रस्ता

पुण्याहून ताम्हिणी साधारण साठ किलोमीटर आहे. भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड, मग तलावाच्या काठाकाठाने पुढे. पहाटे पाचला निघालात तर उजाडता उजाडता पोचाल. नवशिक्याने साडेनऊला निघावं. भूगावात गाडी थांबेल, पिरंगुटात मिसळीसाठी तुम्ही थांबाल आणि पौडच्या पुढे सगळेच थांबतील.

घाटात धुकं लागलं की गाडीचे चारही इंडिकेटर लावून चालवायची इकडे प्रथा पडली आहे. त्यामुळे तुम्ही उभे आहात, वळताय की मागे येताय, हे मागच्याला कळत नाही आणि प्रवासात रंगत येते. डिपर लावून, हळू, आपल्या बाजूने गाडी हाकणारा माणूस दिसला तर तो स्थानिक समजावा. वळणावर गाडी लावावी, दारं उघडी ठेवावीत, गाणी मोठ्याने लावावीत आणि मग पक्ष्यांचे आवाज ऐकू येत नाहीत म्हणून हळहळावं. ताम्हिणीला २०१३ साली अभयारण्य म्हणून जाहीर केलं, तेव्हा शेकरूला किंवा शीळकरी कस्तुराला तुमची गाणी आवडतात का, हे कोणी विचारलं नव्हतं. ड्रोन तर अजिबात उडवू नये. अभयारण्यात त्याला परवानगी लागते, आणि ती मागायला जाणारा नवशिक्या अजून जन्मायचा आहे.

मोबाइलची रेंज पौडनंतर ये-जा करते आणि घाटात बहुधा जातेच. नकाशा आधी उतरवून ठेवला नसेल तर टपरीवर विचारा. भाजलेलं कणीस घेतल्याशिवाय विचारू नये, अशी रीत आहे.

धडा ५ : काळा कातळ, पांढरं धुकं

हा धडा तांत्रिक आहे, कंटाळा आला तर सोडून द्या. कॅमेऱ्याचं मीटर फार भोळं असतं. समोरचं सगळं जग मध्यम करड्या रंगाचं आहे, अशी त्याची समजूत असते. समोर पांढरं धुकं आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून ते फोटो काळवंडून टाकतं. भिजलेला काळा कातळ आला की त्याला वाटतं अंधार पडला, म्हणून ते कातळाला राखाडी करून टाकतं. धुक्याच्या वेळी एक्स्पोजर एक पायरी वर न्यावं आणि कातळाच्या वेळी एक पायरी खाली. मुळशीत दोन्ही एकाच चौकटीत येतात. अशा वेळी दोघांपैकी कोणाची बाजू घ्यायची ते ठरवावं लागतं. तीच खरी छायाचित्रकला. नवशिक्याने मात्र सगळं ऑटोवर ठेवून निर्णय कॅमेऱ्यावर सोपवावा आणि नंतर कंपनीला दोष द्यावा.

धुकं आलं की सगळे कॅमेरे बॅगेत जातात आणि भजी येतात. ही सामुदायिक चूक सुधारू नका. दरीतून वर चढणारं धुकं मधेच फाटतं, क्षणभर समोरची सोंड, तिच्यावरचे तीन धबधबे आणि खालचं कोकण दिसतं आणि पुन्हा पडदा पडतो. पण हे भजीच्या प्लेटकडे पाठ करून, ट्रायपॉड लावून उभ्या असलेल्यालाच दिसतं. तो माणूस तुम्ही नाही.

धडा ६ : कडा आणि पाणी

सह्याद्री पुण्याच्या बाजूने पाहिला तर डोंगर वाटतच नाही. आपण पठारावरून चालत असतो आणि एकदम जमीन संपते. इथलं दृश्य डोळ्यांच्या वर नसून पावलांच्या खाली असतं. म्हणूनच सगळे अगदी टोकावर जाऊन उभे राहतात. या ठिकाणी मार्गदर्शिकेतली थट्टा थोडा वेळ बाजूला ठेवतो.

कड्याचं टोक हा टणक लाव्ह्याचा थर असतो. त्याच्या खालचा मऊ थर झिजून आत गेलेला असतो. वरून ते दिसत नाही. म्हणजे तुम्ही ज्यावर उभे असता त्याच्याखाली कधीकधी काहीच नसतं. पावसात त्यावर शेवाळ येतं, आणि शेवाळलेल्या कातळावर महागडा बूटही घसरतो. मुरमाड घसाऱ्यावर उतरताना पाय टेकेल अशी खात्री धरू नये. धबधब्याच्या डोहात उतरलेल्या माणसाला वर सड्यावर किती पाऊस पडतोय ते कळत नाही. पाणी अचानक गढूळ झालं, त्यातून काटक्या-पाला येऊ लागला, आवाज बदलला, की कॅमेरा तसाच टाकून वर चढायचं. लोंढा मागोमाग येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पावसाळ्यात अशा जागांवर प्रशासन बंदीचे आदेश काढतं. फलक वाचावा आणि परत फिरावं. अंधारबनाच्या जंगलवाटेला लागताना पिंपरी गावातल्या वाटाड्याने ‘आज नको’ म्हटलं, तर तो आपली मजुरी बुडवून सांगतोय, एवढं लक्षात घ्यावं.

थट्टा पुढे चालू.

धडा ७ : निसर्गरम्य तलाव

मुळशीचा तलाव हा फोटोचा हुकमी विषय. डोंगरांचे हात पाण्यात उतरलेले, वर ढग, पाण्यात त्यांचं प्रतिबिंब. कॅमेरा थोडा उजवीकडे वळवा, म्हणजे धरणाची भिंत येणार नाही. तसंही भिंतीवर फोटो काढायला मनाई असते. थोडा खाली घ्या, म्हणजे विजेच्या तारा येणार नाहीत. रिसॉर्टची निळी छपरं झाडाआड घाला. झालं. आता या तलावाला इतिहास उरला नाही.

उरला असता तर अडचण झाली असती. मुळा आणि निळा यांच्या संगमावर टाटा कंपनीने धरण बांधायला घेतलं ते मुंबईला वीज पुरवण्यासाठी. मावळातली पन्नासएक गावं त्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. जमिनीवर झोपून त्यांनी काम अडवलं. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात ‘सेनापती’ झाले आणि पुन्हापुन्हा तुरुंगात गेले. धरणाविरुद्धच्या जगातल्या सुरुवातीच्या संघटित लढ्यांत मुळशीचं नाव घेतात. लढा १९२४ पर्यंत चालला, धरण झालं, १९२७ साली खाली कोकणात भिरा इथलं वीजघर सुरू झालं. पूर्वेला वाहत पुण्यावरून भीमेला, मग कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाणारं पाणी आता सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला पडतं, जनित्रं फिरवतं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातं. कोलाडला रबरी होड्यांतून ओरडत जाणाऱ्या मंडळींच्या खाली तेच पाणी असतं.

हे सगळं एका फोटोत बसत नाही, म्हणून ‘शांत सकाळ’ असं शीर्षक द्यावं. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या दुकानातून कॅमेरा घेतला असेल, तर हा धडा पुन्हा वाचायची गरज नाही.

धडा ८ : स्थानिक माणसं

माणसं चौकटीत नसावीत. असली तर एकच असावी, ती पाठमोरी असावी, तिने पिवळा रेनकोट घातलेला असावा आणि ती पुण्याहून आलेली असावी.

जुलैत खाचरांत आवणी चाललेली असते. चिखलात पोटऱ्यांपर्यंत पाय आणि सकाळपासून वाकलेली कंबर. हा प्रकार ‘ग्रामीण जीवन’ या सदरात मोडतो. आवणी करणाऱ्या बायांना हाक मारून ‘ताई, जरा इकडे बघा, हसा’ असं म्हणावं. अंगावर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळलेला पाहून नाराज व्हावं आणि ‘ते पानांचं इरलं नाही का तुमच्याकडे?’ असं विचारावं. त्यांनी ‘हाय की, म्युझियममदी’ असं उत्तर दिलं तर तो विनोद समजू नये. बांधावरून चालताना बांध ढासळला तर दुसऱ्या बांधावर जावं. ढासळलेला बांध रात्रभराच्या पावसात पुन्हा कोणाला घालावा लागेल, हा प्रश्न छायाचित्रकलेच्या अभ्यासक्रमात नाही.

धडा ९ : संस्कार आणि प्रसिद्धी

घरी आल्यावर हिरवा रंग वाढवा. मग आणखी वाढवा. मुळशीत जुलैमध्ये मुळातच इतका हिरवा असतो की त्यात भर घालणं अशक्य वाटतं, पण नवशिक्यांनी ते शक्य करून दाखवलं आहे. रस्त्यावरचा वेफर्सचा पुडा पुसून टाका. सध्याची सॉफ्टवेअरं तेवढं एका क्लिकमध्ये करतात. खरोखरचा पुडा उचलायला मात्र खाली वाकावं लागतं.

फोटोखाली ‘महाराष्ट्राचं आइसलँड’ असं लिहा. आइसलँडमध्येही बेसॉल्ट आहे, पावसाळी हवा आहे, धबधबे आहेत, त्यामुळे अगदीच खोटं नाही. फरक इतकाच की तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे आणि इथला निजल्यावर त्याच्या अंगावर लोकांनी भात लावला. ठिकाण सांगू नका. कोणी विचारलं तर ‘सह्याद्रीत कुठेतरी’ म्हणा. कॅमेऱ्यातली जीपीएसची सोय बंद ठेवा.

धडा १० : फोटोचा उपयोग

नऊ धडे नीट गिरवले असतील, तर परतताना एखाद्या वाडीपाशी कोणी काका हात करून गाडी थांबवण्याची शक्यता आहे. ‘एवढा मोठा कॅमेरा हाय, तर आमच्या खाचराचा येक फोटो काढून द्या की, साहेब.’ तुम्हाला वाटेल, अखेर कोणीतरी कलेची कदर केली. खाचरापाशी गेल्यावर कळेल की रात्रीच्या पावसाने वरचा बांध फुटला आहे, आवणी केलेली रोपं गाळाखाली गेली आहेत आणि काकांना पंचनाम्यासाठी फोटो हवा आहे.

इथे पहिले नऊ धडे विसरावे लागतील. फुटलेला बांध पूर्ण आला पाहिजे. गाळ किती चढला ते कळलं पाहिजे, म्हणून त्यात काकांना उभं करावं, तोंड कॅमेऱ्याकडे. कोणतं खाचर ते ओळखू येण्यासाठी मागचा विजेचा खांब घ्यावा, शेजाऱ्याचं घर घ्यावं, रस्त्याचा तुकडा घ्यावा. धुकं असेल तर ते जाईपर्यंत थांबावं, भजी खायला जाऊ नये. वरच्या कड्यावरून पाणी कुठून आलं तेही दिसू द्यावं. त्या एका फोटोत लाव्ह्याचा पदर, त्यावरची माती, पाऊस, तारा, माणूस आणि त्याचं वर्ष असं सगळं एकदम येईल. आजवर जे जे बाहेर ठेवलं ते सगळं. म्हणजे हा तुमचा मुळशीचा पहिला फोटो.

मोठ्या कॅमेऱ्याचा इथे उपयोग नाही. त्यातलं ठिकाण तुम्ही नवव्या धड्यात बंद केलं आहे आणि तलाठ्याला फोटोवर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश लागतात. काकांच्याच मोबाइलवर काढा. हिरवा रंग वाढवू नका, गाळ दिसत नाही.